वॉर्डाचे तास पडद्यावर मोजू नका

प्रति,
मा. अध्यक्ष व सर्व संचालक, आमची शिक्षण संस्था
मा. प्राचार्या, परिचर्या महाविद्यालय

विषय: सहाव्या सत्रापासून रुग्णालयातील पोस्टिंगऐवजी संगणकावरील सिम्युलेशनचे तास धरण्याच्या निर्णयाबाबत

महोदय, महोदया,

सविनय नमस्कार.

शिमग्याची सुट्टी संपवून आम्ही वसतिगृहावर परतलो, त्याच संध्याकाळी सूचनाफलकावर एकपानी परिपत्रक लागलेले होते. त्यानुसार बी. एस्सी. नर्सिंगच्या सहाव्या सत्राचे पोस्टिंग, म्हणजे वॉर्डातले प्रत्यक्ष काम, आठवड्यातून ४ दिवसांवरून महिन्यातून ४ दिवसांवर आणण्यात आले असून उरलेले तास महाविद्यालयाच्या नव्या ‘व्हर्च्युअल लॅब’मध्ये, संगणकावरच्या रुग्णांची शुश्रूषा करून भरावयाचे आहेत. परिपत्रकात कारणे तीन दिली आहेत: रुग्णालयात विद्यार्थ्यांची गर्दी वाढली आहे, बसचा खर्च झेपत नाही, आणि सिम्युलेशन, म्हणजे बनावट रुग्णावर सराव, ही जगभर मान्य झालेली पद्धत आहे. पहिली दोन कारणे खरी आहेत, हे त्याच बसने जाणाऱ्या आम्हाला सांगावे लागत नाही. तिसरे कारण मात्र ज्या रीतीने मांडले आहे, त्या रीतीने ते खरे नाही, आणि या पत्राचा बराचसा भाग त्याविषयी आहे.

संस्थेचे नाव मी मुद्दाम लिहिलेले नाही. आम्हाला संस्थेची बदनामी करायची नाही, तिथेच राहून शिकायचे आहे. मग पत्र उघड का, असे आपण विचाराल. आमचे दोन अर्ज आवक नोंदवहीत चढले आणि पुढे सरकले नाहीत, हे एक कारण. दुसरे असे की, ज्यांच्या खाटेशेजारी आम्ही दीड वर्षाने परिचारिका म्हणून उभ्या राहणार आहोत, त्या इथल्या लोकांनाही आम्ही कशावर शिकलो हे ठाऊक असले पाहिजे.

मी देवगड तालुक्यातल्या एका वाडीतली. वडील दुसऱ्याच्या होडीवर खलाशी आहेत, आई हंगामात काजूच्या कारखान्यात जाते, आणि माझे शिक्षण बँकेच्या कर्जावर चालले आहे. आमच्या वाडीपासून प्राथमिक आरोग्य केंद्र ११ किलोमीटरवर आहे. रात्री-अपरात्री कोणाला रिक्षात घालून तिथे नेले, तर माणसे दारातूनच “सिस्टर आसा काय?” म्हणून विचारतात, डॉक्टरांची चौकशी त्यानंतर होते. हा प्रश्न ऐकतच मी लहानाची मोठी झाले आणि नर्सिंगला आले.

आधी त्या संगणकाच्या बाजूने बोलते, कारण त्याने मला जे दिले ते नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. तिसऱ्या सत्रात हे सॉफ्टवेअर आम्हाला काही आठवडे चाचणीपुरते वापरायला मिळाले होते. त्यातल्या एका केसमध्ये रुग्णाला रक्त चढवायचे होते. रक्त सुरू होऊन १० मिनिटे झाली नाहीत तोच पडद्यावरची बाई थंडी वाजते, कंबर दुखते असे सांगू लागली. मी रक्ताचा वेग कमी केला, पांघरूण दिले, ताप मोजला. बघता बघता तिचा रक्तदाब घसरला, पडदा लाल झाला आणि केस संपली. रक्त ताबडतोब थांबवायचे होते. मी ते फक्त हळू केले होते. ती बाई कधी जन्मालाच आलेली नव्हती, तरी त्या रात्री मला झोप लागली नाही. पुढे चौथ्या सत्रात, स्त्री वैद्यकीय वॉर्डात, रक्तक्षयासाठी रक्त चढवत असलेली एक बाई मला म्हणाली, “बाय, माका हींव भरला गो.” माझा हात विचार करायच्या आधी नळीवरच्या चाकावर गेला. रक्त बंद केले आणि सिस्टरना हाक मारली. त्यांनी नवा सेट लावून नॉर्मल सलाईन सुरू ठेवले, डॉक्टरांना बोलावले, आणि रक्ताची पिशवी जुन्या सेटसकट रक्तपेढीकडे परत पाठवायला बाजूला ठेवली. सगळे निवळल्यावर त्यांनी मला विचारले, “हे कुठे शिकलीस?” मी म्हटले, “एकीला मारून.” त्या हसल्या नाहीत, मीही हसले नाही.

तेव्हा पहिली चूक पडद्यावर व्हावी, खाटेवर होऊ नये, याबद्दल आमचे दुमत नाही. रुग्ण ही आमच्या गिरवण्याची पाटी नव्हे. नर्सिंगला ही जाण जुनी आहे. अमेरिकेतल्या हार्टफर्डच्या रुग्णालयाने १९११ मध्ये बाहुल्या बनवणाऱ्या मार्था चेस यांच्याकडून माणसाएवढी बाहुली घडवून घेतली, आणि त्या ‘मिसेस चेस’वर विद्यार्थिनी रुग्णाला कुशीवर वळवायला, कपडे बदलायला शिकू लागल्या. छाती दाबून श्वास देण्याचा सराव आपल्या कौशल्य प्रयोगशाळेत ज्या पुतळ्यावर होतो, त्याची पूर्वजही नॉर्वेतल्या एका खेळणी बनवणाऱ्याने १९६० मध्ये तयार केलेली बाहुलीच होती. पण बाहुलीवर हात बसला म्हणून वॉर्डात जाण्याचे दिवस कोणी कापल्याचे आमच्या शिक्षकांनी कधी सांगितले नाही. बाहुलीची पायरी वॉर्डाच्या आधीची.

वॉर्ड मिळालाच नाही तर काय होते, हेही आम्हाला ऐकून माहीत आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, विद्यार्थी घरी गेले आणि शिक्षण मोबाईलवर आले. आता नोकरी करणारी दापोलीकडची एक ताई सांगते की, ३ जूनला निसर्ग वादळ येऊन गेल्यावर त्यांच्या गावात कित्येक दिवस वीज नव्हती, आणि नंतरही रेंजसाठी सड्यावर चढून, जांभ्या दगडावर बसून ती पडद्यावरच्या रुग्णांना औषधे देत असे. तिच्या सगळ्या केसेस पूर्ण झाल्या, गुणही चांगले पडले. पुढे वॉर्डात गेल्यावर पहिल्याच दिवशी तिने रक्तदाबाचा पट्टा उलटा बांधला आणि हवा भरताच तो सुटून तिच्या हातात आला. ती हे हसत सांगते. तेव्हा हसली नसणार. त्या वर्षी दुसरा इलाज नव्हता. आज रुग्णालयाचे दार उघडे आहे आणि आपण आम्हाला तिथे पाठवायचे नाही असे ठरवले आहे, हा फरक आपण लक्षात घ्यावा.

आता आमच्या तक्रारी.

पहिली तक्रार परिपत्रकातल्या “परदेशी संशोधनाने ५० टक्क्यांपर्यंत मान्यता दिली आहे” या वाक्याविषयी. हे संशोधन कोणते याचा उल्लेख नाही, पण ते बहुधा अमेरिकेतल्या परिचर्या मंडळांच्या राष्ट्रीय परिषदेने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेले असावे, कारण या विषयात सगळीकडे त्याचाच दाखला देतात. तिथल्या १० नर्सिंग संस्थांतल्या विद्यार्थ्यांचे तीन गट केले गेले. एका गटाला नेहमीप्रमाणे वॉर्ड, दुसऱ्याच्या वॉर्डच्या तासांपैकी २५ टक्के आणि तिसऱ्याच्या ५० टक्के तासांच्या जागी सिम्युलेशन. शेवटपर्यंत टिकलेल्या ६६६ विद्यार्थ्यांच्या ज्ञानात आणि कौशल्यात गटागटांमध्ये म्हणण्यासारखा फरक आढळला नाही, हे खरे आहे. परंतु त्यांचे सिम्युलेशन म्हणजे संगणकासमोर बसून माउस फिरवणे नव्हते. खऱ्या वॉर्डासारख्या खोल्या होत्या, श्वास घेणारे पुतळे होते, रुग्णाची भूमिका करणारी माणसे होती, त्यासाठी खास प्रशिक्षण दिलेले शिक्षक होते, आणि प्रत्येक प्रसंगानंतर जाणकार शिक्षकासोबत सविस्तर चर्चा होती. संशोधकांनी आपला निष्कर्ष याच अटींवर मांडला. आपण अटी बाजूला ठेवल्या, पुतळ्याच्या जागी पडदा आणला आणि आकडा तेवढा उचलला. तोही पाळला नाही. महिन्याला साधारण १६ दिवसांचे ४ दिवस झाले, म्हणजे पाऊण वॉर्ड गेला. ज्या संशोधनाचा आपण आधार घेता, त्यातल्या सर्वांत धाडसी गटालाही अर्धा वॉर्ड मिळाला होता.

दुसरी तक्रार हिशेबाची आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या २०२१ पासून लागू झालेल्या सुधारित अभ्यासक्रमात श्रेयांकांचे, म्हणजे क्रेडिटचे, रकाने वेगवेगळे आहेत. कौशल्य किंवा सिम्युलेशन प्रयोगशाळेचा एक श्रेयांक ४० तासांचा, आणि रुग्णालयातील अनुभवाचा एक श्रेयांक ८० तासांचा. अभ्यासक्रम करणाऱ्यांना या दोन गोष्टी एकच वाटल्या असत्या तर त्यांनी दोन रकाने पाडले नसते. पदवी मिळण्यापूर्वी प्रत्यक्ष कामाच्या प्रत्येक विभागात १०० टक्के उपस्थिती हवी, असाही नियम आहे. गेल्या महिन्यात लॅबमध्ये बसलेल्या दिवसांची आमची हजेरी वॉर्डच्या पुस्तकात मांडली गेली. ज्या वॉर्डात आम्ही पाऊल ठेवले नाही, तिथे आम्ही हजर असल्याची ती नोंद आहे, आणि तिच्यावर आमच्या सह्या घेतल्या आहेत. या सह्या आम्ही का केल्या, असे कोणी विचारले तर उत्तर सोपे आहे: अंतर्गत गुण आपल्या हाती आहेत.

तिसरी तक्रार लॅबच्या रोजच्या कारभाराची. वर्गात आम्ही ५० जण, चालू संगणक १८. एका यंत्रामागे तिघे बसतात. एक क्लिक करतो, एक इंग्रजी वाचून सांगतो, आणि तिसरा बहुधा खिडकीबाहेर बघतो. तिसऱ्यालाही तेवढेच गुण पडतात. एक मॅडम सगळ्या खोलीला, आणि त्यांचा बराच वेळ कोणाचे लॉगिन अडकले ते सोडवण्यात जातो. परिषदेने शिक्षक-विद्यार्थी प्रमाण १:१० ठरवलेले आहे, याची आठवण करून देते. केस संपली की संगणक टक्के दाखवतो आणि पुढची केस उघडतो. का चुकले, त्या क्षणी मनात काय आले, दुसरे काय करता आले असते, हे कोणी विचारत नाही. सिम्युलेशनच्या क्षेत्रातली आंतरराष्ट्रीय संघटना आपल्या मानकांत सत्राआधीच्या तयारीला आणि नंतरच्या चर्चेला स्वतंत्र स्थान देते. ही चर्चा गाळली तर हाती खेळ उरतो. खरोखरच खेळ झाला आहे. माझ्या एका हृदयविकाराच्या केसला पहिल्या वेळी ६१ टक्के पडले आणि १५ मिनिटांनी दुसऱ्या वेळी ९६. त्या १५ मिनिटांत हृदयाबद्दल मला नवे काहीच कळले नव्हते. आधी ‘हात धुवा’, मग ‘ओळख सांगा’, मग ‘ॲलर्जी विचारा’ हा सॉफ्टवेअरच्या आवडीचा क्रम तेवढा कळला होता. तो क्रम आता वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर फिरतो. माझ्या खोलीतल्या मैत्रिणीने केस न वाचता १०० टक्के मिळवले, आणि तिचे नाव फलकावर लागले.

चौथी तक्रार मला सर्वांत महत्त्वाची वाटते, म्हणून ती जरा सविस्तर सांगते.

दुसऱ्या वर्षाच्या पावसाळ्यात, लावणीच्या दिवसांत, एका आजीला तिच्या नातवाने वॉर्डात आणले. पाय घोट्यापाशी सुजला होता. काय झाले म्हणून विचारले तर म्हणाली, “कायतरी टोचला गो पायाक, काटोच असात.” मी नाडी पाहिली, रक्तदाब पाहिला, दोन्ही ठीक होते. आजीचे तोंड लाल होते. कनवटीला पानाची चंची होती, तेव्हा ते लाल असणारच, असे धरून मी पुढच्या खाटेकडे वळले. इन्चार्ज सिस्टर मागून येत होत्या. त्यांनी आजीच्या हातात पाण्याचा पेला दिला आणि चूळ भरायला सांगितली. किडनी ट्रेमध्ये लाल पाणी पडले. दुसरी चूळ, लाल. तिसरी, तेवढीच लाल, आणि पाण्यात पानाचा एक कण नाही. सिस्टरनी आजीचा ओठ बोटाने खाली ओढून मला दाखवला. हिरड्यांच्या कडेने रक्त झिरपत होते. मग डॉक्टर आले, काचेच्या स्वच्छ कोरड्या नळीत २ मिली रक्त घेतले गेले आणि ती नळी खिडकीच्या कट्ट्यावर उभी ठेवून सिस्टर मला म्हणाल्या, “घड्याळ बघ. वीस मिनिटं हिला हात लावायचा नाही.” वीस मिनिटांनी नळी कलती केली. रक्त गोठले असते तर जागचे हलले नसते. ते पाण्यासारखे वाहिले. फुरसे चावले होते, आणि त्या सापाच्या विषाने रक्त गोठेनासे होते. पायाला घट्ट बांधलेली सुंभाची दोरी आजीने नऊवारीच्या काष्ट्याखाली लपवली होती, तीही नंतर सापडली. सर्पविषावरच्या लसीची पूड कुप्यांत पाणी घालून विरघळवायची, पण फेस येईल अशी हलवायची नाही, म्हणून मी एकेक कुपी दोन तळहातांत हळूहळू फिरवत बसले होते. लसीची रिॲक्शन आली तर लागेल म्हणून बाजूच्या ट्रेमध्ये ॲड्रेनालिन भरून ठेवलेले होते. चार दिवसांनी आजी चालत घरी गेली.

पडद्यावर हीच केस असती तर काय झाले असते? ‘तोंड तपासा’ असे बटण असते, ते दाबले की ‘हिरड्यांतून रक्तस्राव’ अशी ओळ उमटली असती, आणि मी बरोबर उत्तर निवडले असते. पुढे काय करायचे हे मला पाठ होते. लाल दिसते ते पान आहे की रक्त, हे ठरवता येत नव्हते, आणि पडदा ते ठरवूनच माझ्यापुढे मांडतो. पडद्यावरचा रुग्ण विचारले त्याचे खरे उत्तर देतो. तो दोरी लपवत नाही, सुनेसमोर गप्प बसत नाही, दारू किती घेतो ते चोरत नाही. शिवाय तो इंग्रजीत बोलतो. आमचा रुग्ण “गरगरता” म्हणतो, “जीव कासावीस होता” म्हणतो, आणि त्यातले चक्कर कोणते, दम लागणे कोणते, नुसती भीती कोणती, हे त्याच्या तोंडाकडे बघून कळते.

त्या सॉफ्टवेअरमधली खोली एकाच खाटेची असते, रुग्णाचे वजन पौंडात असते आणि प्रत्येक सलाईनला पंप असतो. ५०० मिली ६ तासांत द्यायचे तर मी तासाला मिली म्हणून ‘८३’ टाइप करते आणि माझे काम संपते. आमच्या वॉर्डात मनगटावरचे घड्याळ आणि डोळ्यांसमोरचे थेंब एवढेच साधन: मिलीला २० थेंब पडणारा सेट असेल तर मिनिटाला २८ थेंब. रुग्णाने हात दुमडला की ते १० होतात, आणि नातेवाइकाने मदत म्हणून चाक फिरवले की धार लागते. हे शिकायला लॅबमध्ये जागाच नाही. फुरसे नाही, लेप्टोस्पायरोसिसचा ताप नाही, २०१६ पासून दोडामार्ग, सावंतवाडीकडे ठाण मांडलेला माकडताप नाही, होडीच्या रहाटात बोटे सापडलेला खलाशी नाही. महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात असताना डॉ. हिम्मतराव बावस्कर विंचवाने चावलेल्या रुग्णांच्या उशाशी बसून त्यांचा घाम, गार पडणारे हातपाय, छातीत भरणारे पाणी टिपत राहिले, आणि त्यातून प्राझोसिन या औषधाचा उपचार पुढे येऊन विंचूदंशाने दगावणाऱ्यांची संख्या पुष्कळ घटली. कोकणातल्या एका साध्या केंद्रातल्या खाटांनी जगाला हे शिकवले. त्याच कोकणातल्या विद्यार्थ्यांना आपण परक्या मुलखातल्या पडद्यावरच्या खोलीत बसवत आहात, याची मला खंत वाटते.

पाचवी तक्रार सहाव्या सत्राचीच. या सत्रात प्रसूतिविद्या सुरू होते. गरोदर बाईच्या पोटावर तळहात ठेवून १० मिनिटांत किती कळा आल्या आणि एकेक किती सेकंद टिकली, हे मोजून पार्टोग्राफ, म्हणजे प्रसूतीच्या प्रगतीचा तक्ता, भरायचा असतो. गर्भाशय हाताखाली कसे दगडासारखे होते आणि कसे सैल पडते, हे तोंडी सांगून कळत नाही. पडद्यावर त्याचा आलेख दिसतो, आणि आलेख वाचता येणे ही वेगळी विद्या आहे. आमच्या लॉगबुकात स्वतः केलेल्या प्रसूतींचा रकाना आहे. महिन्याच्या ४ दिवसांत तो कसा भरायचा, हे परिपत्रक सांगत नाही. आठव्या सत्रात २२ आठवडे, आठवड्याला ४८ तास अशी इंटर्नशिप आहे, तिथे सगळे भरून निघेल, असे मला एका बैठकीत तोंडी सांगण्यात आले. इंटर्नशिपमध्ये आम्हाला जबाबदारी मिळते. तिथे पहिल्यांदा हात लावायला जाणे बाईच्याही जिवावर आणि आमच्याही.

बाकी किरकोळ म्हणाव्यात अशा दोन. ‘डिजिटल प्रयोगशाळा’ म्हणून ६,००० रुपये या वर्षी वाढवले, पण बसचे पैसे कमी केले नाहीत. आणि अपुरे राहिलेले तास घरून मोबाईलवर भरा, असे सांगताना पावसात आमच्याकडे वीज आणि रेंज किती दिवस असते, हे कोणी विचारले नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये वाशिष्ठीचे पाणी रुग्णालयांत शिरले आणि वीज गेली, तेव्हा आत असलेल्या परिचारिकांकडे दोन हात आणि दोन डोळे एवढेच उरले होते. कोकणात नोकरी करायची तर हे दिवस येणारच आहेत.

आमच्या मागण्या साध्या आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांना पैसा लागत नाही.

परिपत्रक मागे घ्यावे आणि सहाव्या सत्राचे आठवड्यातले ४ दिवस वॉर्डला परत द्यावेत. गर्दीचे कारण असेल तर सकाळी एकाच पाळीत सगळ्यांना न पाठवता दुपारच्या आणि रात्रीच्या पाळ्या लावाव्यात, कारण दुपारी २ नंतर त्या वॉर्डात एकही विद्यार्थी नसतो, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयांशी आणि उपजिल्हा रुग्णालयांशी करार करता येईल. बस परवडत नसेल तर आम्ही एसटीच्या विद्यार्थी पासवर जाऊ. रात्रपाळीपुरती तेवढी संस्थेची गाडी असावी.

लॅब बंद करू नये. तिचे तास प्रयोगशाळेच्याच रकान्यात धरावेत, आणि वॉर्डच्या पुस्तकात मांडलेली गेल्या महिन्याची हजेरी दुरुस्त करावी. प्रत्येक नवा विभाग सुरू होण्याआधीच्या आठवड्यात त्या विभागाच्या केसेस करून घ्याव्यात, एका संगणकावर एकच विद्यार्थी असावा, एका वेळी १० पेक्षा जास्त जण नसावेत, आणि प्रत्येक केसनंतर शिक्षकाबरोबर किमान अर्धा तास चर्चा व्हावी. टक्क्यांचे फलक काढून टाकावेत. आमच्या मॅडमना सिम्युलेशन शिकवण्याचे रीतसर प्रशिक्षण द्यावे. त्यांच्याविषयी आमची तक्रार नाही, त्यांनाही ते यंत्र आमच्याइतकेच अचानक मिळाले.

वॉर्डातल्या अनुभवी सिस्टरना मानधन देऊन, आमच्या भागातल्या दहा-बारा केसेस मराठीत आणि मालवणीत लिहून घ्याव्यात. रुग्णाचे नाव-गाव बदलून त्या लिहिता येतील. संगणकावर चढवता आल्या नाहीत तरी चालेल, आमच्यातलीच एकजण आजी होऊन खाटेवर झोपेल. पानाची चंची मी आणते.

वाढवलेल्या ६,००० रुपयांचा हिशेब पालकांना लेखी द्यावा. आणि या पत्रावर सही करणाऱ्या कोणाच्याही अंतर्गत गुणांवर त्याचा परिणाम होणार नाही, असे आश्वासन प्राचार्यांच्या सहीने फलकावर लावावे. ५० पैकी ४४ जणांनी सही केली आहे. उरलेल्या सहांची भीती आम्हाला समजते आणि त्यांच्यावर आमचा राग नाही.

येत्या मंगळवारी दुपारी ३ वाजता आम्ही सगळे ग्रंथालयात असू. माझे वडील त्या दिवशी होडीवर जाणार नाहीत, आणखी १७ पालकांनी येण्याचे कळवले आहे, आणि लॉगबुके आमच्याबरोबर असतील. आपण किंवा आपला प्रतिनिधी लेखी उत्तर घेऊन यावा, ही विनंती.

आपली विश्वासू,
सहाव्या सत्रातील एक विद्यार्थिनी
(४४ सह्यांसह)